मखमली हिरवा

भाच्याच्या लग्नासाठी वच्छलाबाईंना साडी घ्यायची होती. लेकीच्या मोबाइलमध्ये एक फोटो दिसला आणि त्या पाहतच राहिल्या. मखमलीसारखा गर्द हिरवा रंग, कडेला पांढरीशुभ्र किनार, मधे मोत्यासारखी बारीक बुट्टी. सलोनी कॉलेजला निघायच्या घाईत होती, म्हणून त्यांनी तो फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि महाल भागातलं साडीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने तीस-चाळीस साड्या उलगडल्या. वच्छलाबाई दर वेळी फोटो मोठा करायच्या, त्यावरून बोट फिरवायच्या आणि मान हलवायच्या. तो रंग काही मिळाला नाही.

संध्याकाळी त्या हिरमुसून घरी आल्या. "सलोनी, कोणत्या दुकानातली साडी आहे वं ही?"

सलोनीने फोटो पाहिला. "आई, तू याले साडी समजून राहिली का? माझ्या प्रोजेक्टचा फोटो आहे हा. आपल्या लोणच्याच्या बरणीतली बुरशी, एकदम जवळून काढलेली."

वच्छलाबाईंनी मोबाइल सोफ्यावर टाकला आणि बोट पदराला खसाखसा पुसलं.

मग पदराकडे पाहिलं, आणि साडी बदलायला आत गेल्या.