आमानोहाशिदातेला दोघी

"कमरेला नीट धर. आणि मी पडले तर किंचाळू नकोस, लोक बघतात," म्हणत फुसाए दगडी चौथऱ्यावर चढली.

चिझुरुने दोन्ही हातांनी सासूची कंबर घट्ट धरली. कासामात्सुच्या टेकडीवर येणारा जो तो हेच करतो. खाडीकडे पाठ करून उभं राहायचं, खाली वाकायचं आणि स्वतःच्याच पायांमधून मागे बघायचं. खाली पाण्यात पाइनच्या झाडांची एक लांबच लांब पट्टी आहे, तीच आमानोहाशिदाते. उलटं पाहिलं की समुद्राचं आभाळ होतं आणि ती पट्टी आभाळात चढत गेलेल्या पुलासारखी दिसते. पण हे उद्योग करायचं वय ऐंशीचं नव्हे. मागे रांगेत उभी असलेली कॉलेजची पोरं कौतुकाने बघत होती.

"आई, पुरे आता. चक्कर येईल."

"आत्ता कुठे वाकलेय. तुला कसली एवढी घाई?"

घाई होतीच. चिझुरुला आज बोलायचं होतं.

चिझुरुच्या नवऱ्याला, कुनिहिकोला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून फुकुचियामाच्या घरात या दोघीच होत्या. नवऱ्यामागे सासरशी असलेलं नातं कायद्याने संपवता येतं, नगरपालिकेत नुसतं कळवलं की झालं, सासूला विचारावंही लागत नाही, हे चिझुरुला उन्हाळ्यात कळलं. कानाझावाला तिची शाळेतली मैत्रीण खानावळ चालवायची. वरची खोली रिकामी आहे, नव्या वर्षापासून ये, असं ती म्हणाली आणि चिझुरु हो म्हणून बसली. तेव्हापासून रोज सकाळी जेवणाच्या मेजावर ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि सूपाच्या घोटाबरोबर परत खाली जायचं.

फुसाए दुष्ट असती तर सोपं झालं असतं. तिची जीभ तिखट होती. सूपात मीठ जास्त, चादरीला सुरकुती, असं दिवसभर चालायचं. पण गल्लीत कुणी सुनेबद्दल वाकडा शब्द काढला तर त्याची खैर नसायची. घरात तिच्यासमोर बसून "मी चालले" म्हणणं चिझुरुला काही जमेना. म्हणूनच गेल्या आठवड्यात फुसाए अचानक "आमानोहाशिदातेला जाऊन येऊ" म्हणाली, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. बाहेर, चार लोकांत, बोलणं सोपं जाईल. पण गाडीत जमलं नाही. पाइनच्या सावलीतून चालताना जमलं नाही. शिंपल्यांचा भात खातानाही जमलं नाही.

"चिझुरु," खालून फुसाएचा दबलेला आवाज आला. "कधी निघतेस?"

"निघू ना. खाली उतरलं की लगेच गाडी—"

"गाडीचं नाही विचारलं. घर सोडून कधी निघतेस?"

चिझुरुचे हात सैल पडले.

"अगं, धर!"

तिने घाईघाईने पुन्हा धरलं. "कोणी... कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की. न्हाणीघरात कठडा बसवून घेतलास. औषधांच्या डब्यांवर ठळक अक्षरांत वार लिहिलेस. तांदूळवाल्याला फोन कसा लावायचा ते माझ्याकडून घोकून घेतलंस. राहणारी बाई कशाला करेल हे सगळं?"

"मी आज सांगणारच होते, आई."

"आधी मला वर घे. सगळं रक्त डोक्यात उतरलंय."

तिने सासूला सरळ केलं, हाताला धरून बाकावर आणून बसवलं. फुसाएचा चेहरा लालबुंद झाला होता, केस विस्कटले होते. दम घेऊन तिने पलीकडच्या किनाऱ्याकडे बोट केलं.

"ती फिकट पिवळी इमारत दिसते? मियाझुच्या बाजूला? तिथे म्हाताऱ्या माणसांची राहण्याची सोय आहे. मी खोली घेतलीय. डिसेंबरात जाणार. हेच सांगायला आणलं तुला, पण सकाळपासून तोंडच उघडेना. म्हटलं, वाकून सांगावं. निदान एकमेकींचं तोंड तरी दिसणार नाही."

चिझुरुला हायसं वाटायला हवं होतं. महिनोन् महिने छातीवर असलेला दगड कुणीतरी अलगद उचलून घेतला होता. पण तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मला न विचारता?" आवाज इतका चढला की पोरं वळून पाहू लागली. "मी तुमच्यासाठी सगळी व्यवस्था लावत बसले आणि तुम्ही परस्पर खोली घेऊन मोकळ्या?"

"आणि तू मला विचारून ठरवलंस वाटतं?"

बोलता बोलता फुसाएलाच हसू फुटलं, आणि ते बघून चिझुरुलाही. हसता हसता चिझुरुचे डोळे भरून आले. पाऊस भुरभुरायला लागला तसे लोक पांगले. दोघी एकाच छत्रीत बसून राहिल्या.

"मी येत जाईन तिथे," चिझुरु म्हणाली. "ते नगरपालिकेतलं राहू दे. नाही कळवत मी."

"कळव," फुसाए म्हणाली. "शेजारच्या योनेकोची सून तसंच करून गेली, मला ठाऊक आहे सगळं. तूही कळवून टाक."

"अहो, पण मग मी तुमची कोणीच राहणार नाही."

"नको राहूस," फुसाए म्हणाली. "मग कधी आलीस, तर मला कळेल, तुला यावंसं वाटलं म्हणून आलीस."