आईच्या हातची अयाका

पिठाचा गोळा तिसऱ्यांदा केळीच्या पानावर फाटला, तेव्हा इग्नासियाने हात आवरते घेतले. मक्याचं पीठ चांगलं मळलं गेलं होतं, शेंदरी रंगही छान चढला होता. दोष बोटांचा होता. संधिवाताने वाकडी झालेली ती बोटं. त्यांनी सारण भरून पानात उकडायची अयाका पातळ थापली जाणार कशी? न्याहारीची साधी अरेपा, मक्याची भाकरी, तीसुद्धा हल्ली शेजारीण भाजून द्यायची.

"आशीर्वाद दे, आई," म्हणत इलारियो सकाळी आला तो पिशव्या भरभरून सामान घेऊनच. पीठ, पानं, मांस, मनुका, ऑलिव्ह, बांधायचा दोरा. त्याची बायको नेलिदा ऑगस्टात गेली. तिच्याविना हा पहिला डिसेंबर. "नाताळ आला, आई. अयाका नको करायला?" एवढंच तो म्हणाला, आणि म्हातारीने हात टेबलाखाली घेतले.

कारण गेली चौदा वर्षं तिने एकही अयाका केली नव्हती.

बोटांनी दगा दिला तेव्हा तिनेच सुनेला गळ घातली होती. "एवढं कर गं माझ्यासाठी. आईच्या हातात आता काही उरलं नाही, असं पोराला वाटायला नको." नेलिदा बिचारी कबूल झाली. दरवर्षी बावीस डिसेंबरला, नवरा कामावर गेला की ती सासूच्या स्वयंपाकघरात यायची. एकच पातेलं, एकच सारण, एकच पीठ. निम्म्या अयाका सासूच्या नावाच्या, निम्म्या स्वतःच्या. चोवीसला इलारियो दोन्ही शेजारी शेजारी वाढून घ्यायचा. आधी बायकोची खायचा. "बरी झालीय." मग आईची खायचा आणि मिटक्या मारत म्हणायचा, "वा! अयाका खावी तर आपल्या आईच्या हातची!"

आता आमच्या कारोरा गावात हे प्रत्येकच मुलगा म्हणतो, न म्हणेल तो करंटा. पण इथे जिने राबून केल्या ती समोरच बसलेली असायची. ती हसायची आणि कॉफी आणायला उठायची. इग्नासिया मात्र ते कौतुक मुकाट्याने गिळायची. खोटं कशाला बोला, गोड लागायचं तिला.

"एकाच पातेल्यातल्या ना हो आई?" भांडी घासता घासता नेलिदा एकदा म्हणाली होती. "मग माझं नाव लागलं की चव जाते कुठे?" आणि गेल्या नाताळात, स्वतःचं दुखणं कळल्यानंतर, तिने विचारलं होतं, "या वर्षी सांगून टाकू का त्याला?" इग्नासियाने तिचा हात धरला होता. "पुढच्या वर्षी सांग गं. माझे आता डिसेंबर उरलेत किती?"

म्हातारीचा एक उरला होता. सुनेचा नव्हता उरला.

चौथा गोळा फाटला. इग्नासियाने पान बाजूला सारलं.

"लेका, मला नाही जमायचं. गेली चौदा वर्षं मी केल्याच नाहीत. सगळ्या नेलिदाच्या. तू आईच्या म्हणून खायचास त्याही."

इलारियो पानं पुसत होता. त्याने हातातलं पान नीट पुसून संपवलं.

"ठाऊक आहे, आई."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. दोन्हींची चव एक, कणाचाही फरक नाही. मला जीभ नाही होय? आणि तुझी ही बोटं मला दिसत नव्हती? म्हणून तर सामान घेऊन आलो. तू नुसती सांगत जा, थापतो मी."

"अरे मेल्या, मग तिला कधी बोलला का नाहीस?"

"बोलायचो की! दरवर्षी, तिच्या तोंडावर. नाव तुझं घ्यायचो आणि कौतुक तिचं करायचो. तुझं मन राहायचं, आणि तिचं तिला पोचायचं. आमच्या दोघांची गंमत होती ती." मग त्याचा आवाज खाली आला. "मला कळलंय हे तिला माहीत होतंच ना गं? त्याशिवाय का हसायची?"

नेलिदाला ते कधीच कळलं नव्हतं. गेल्या वर्षी इग्नासियाने सुनेला एवढं एक वाक्य बोलू दिलं असतं, तर त्याच टेबलावर दोघं नवराबायको पोट धरधरून हसली असती. पोरगी समाधानाने गेली असती. आता इलारियो आईकडे असा बघत होता, की जणू त्याची चौदा वर्षं तिच्या एका शब्दावर टांगलेली होती.

"होतं तर!" म्हातारी म्हणाली. "दरवर्षी येऊन मला सांगायची."