देनारियस ते दिनेरो

शनिवार पेठेतल्या गोपाळकृष्णांनी 'दिनेरो' म्हणजे पैसा, या एकाच स्पॅनिश शब्दाच्या उगमावर पीएचडी केली होती. म्हणूनच माद्रिदमध्ये मोबाइल-पासपोर्टसकट पर्स चोरीला गेल्यावर लेकीने, कादंबरीने, पोलीस ठाण्यातून त्यांनाच फोन लावला.

"बाबा, या पोलिसाला इंग्रजी येत नाही. सारखा दिनेरो, दिनेरो म्हणतोय."

"मूळ लॅटिन 'देनारियस'. इटालियनमध्ये देनारो झाला, पोर्तुगीजमध्ये..."

"अहो बाबा! पैसे सापडले म्हणतोय, की विसरा म्हणतोय? थांबा, त्यालाच देते."

पोलीस मिनिटभर बोलला. मग पुन्हा कादंबरी आली.

"काय म्हणाला?"

गोपाळकृष्णांनी कपाळावरचा घाम पुसला.

"उच्चार शुद्ध आहे गं त्याचा," ते म्हणाले. "पण उरलेलं वाक्य माझ्या विषयात येत नाही."