पुलाचा उतार

सन एकोणीसशे चौतीस, पौष महिना. सोलापुरातल्या साळ्यांची सगळी गल्ली मारुतीच्या देवळात जमली होती, आणि अंबुबाई खांबाला टेकून आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत होती.

रेल्वेच्या रुळांवरून नवा पूल व्हायचा होता. पूल कुणालाच नको नव्हता. फाटक पडलं की गिरणीला जाणाऱ्या बायका खोळंबायच्या, गाडीवान एकमेकांची आई काढायचे. भांडण होतं ते पुलाच्या उताराचं. ओव्हरशियरनं दोनच खुंट्या ठोकल्या होत्या. एक पुलाच्या तोंडाशी आणि दुसरी, उतार जिथं जमिनीला टेकणार तिथं. चुना फासलेली, वर लाल चिंधी बांधलेली ती दुसरी खुंटी नेमकी गल्लीच्या तोंडाशी आली होती, कल्लप्पा वाण्याच्या दारात. पुढं दुकान, मागं घर, दार एकच.

म्हणजे बैलगाड्या, टांगे, मोटारी, सगळं गल्लीतून जाणार. आणि अंबुबाईचं पोट त्या गल्लीवर होतं. उजाडायच्या आत ती आणि तिची सून सोजर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरायच्या, त्याला खळ लावायच्या, कुंच्यानं धागा न् धागा मोकळा करायच्या. ओला ताणा वाळेपर्यंत जागचा हलवता येत नाही. एवढी सरळ, लांब गल्ली पेठेत दुसरी नव्हती. त्या काळी तिथून जाणारा माणूस धोतर सावरून भिंतीच्या कडेनं चालायचा, आणि त्याच्याबरोबर खळीचा आंबूस वास घरापर्यंत जायचा.

"गिऱ्हाईक आपल्या पायानं दारात येतंय, आन् मी नगं म्हनू?" कल्लप्पा म्हणाला. "तुमाला बी फायदाच हाय की."

"येतंय ते आमचं सूत तुडवून येतंय," अंबुबाई म्हणाली. "कल्लप्पा, तुझ्या पोराच्या बारशाला कुंची कुनाच्या सुताची व्हती रे?"

"तुमच्याच."

"इरली?"

"न्हाय अजून," कल्लप्पा खाली बघत म्हणाला, आणि देऊळभर हशा झाला.

"मग उतार माळाकडं वळवा. तितं तिठ्यावर एक बाभळ हाय. ती काय भांडायला येत न्हाय."

वकिलाकडे कारकुनी करणारा वेणीमाधव गल्लीचा पुढारी होता. तो म्हणाला, "उद्या मोठे साहेब येणार आहेत. मी इंग्रजीत बोलतो."

"तू इंग्रजीत बोल, मी मराठीत बोलते," अंबुबाई म्हणाली. "एक तरी लागू पडंल."

साहेब आले. वेणीमाधव पुष्कळ बोलला. अंबुबाईनं त्यांना ताण्यापाशी नेलं, ओल्या सुतावर त्यांचा हात टेकवला आणि ती म्हणाली, "सायेब, ह्याच्यावरनं गाडी न्या बघू." साहेबांनी रुमालानं हात पुसला, "पाहू," म्हणाले आणि मोटारीत बसले.

"पाहू म्हंजे न्हाय," कल्लप्पा म्हणाला. "सरकारी बोली मला कळती, अक्का."

अंबुबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेला माग बंद, सुताला खळ लावायची पाजणी बंद. गल्ली उशिरापर्यंत निजलेली. अंबुबाई एकटीच पाण्याला निघाली, तर कल्लप्पाची बायको शिवबाई दारात उभी राहून खसाखसा पाय धूत होती. महिनाभर ती मंगळवेढ्याला माहेरी होती. पहिल्या मोटारीनं आली असावी. गाठोडं अजून बाहेरच होतं.

"आलीस व्हय गं?" अंबुबाईनं विचारलं.

शिवबाईनं मानही वर केली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. देवळातलं भांडण मोटारीतच तिच्या कानावर गेलं असणार, असं अंबुबाईला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुलाचं काम घेतलेल्या गुत्तेदाराची माणसं आली. जुन्या ओव्हरशियरची बार्शीला बदली झाली होती, नवा आला होता. कल्लप्पाच्या दारात खुंटी नव्हती. ती माळावरच्या तिठ्यावर, बाभळीखाली होती. नव्या ओव्हरशियरनं पुलापासून तिथवर दोरी धरली आणि भराव पडायला लागला.

कल्लप्पानं दारातलं रिकामं भोक वाकून बघितलं. मग आत जाऊन गुळाची ढेप घेऊन आला आणि स्वतःच फोडली. "घ्या. सायबानं तुमचं ऐकलं," तो म्हणाला. "अक्का, तुमचं मराठी लागू पडलं."

अंबुबाई गुळाचा खडा तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून रडली.

वेणीमाधव त्या विजयाच्या जोरावर मुन्शिपालटीत निवडून आला आणि जन्मभर सांगत राहिला, की निवांत बसून बोललं तर सरकारसुद्धा वाकतं. गल्लीला ते पटलं. पुढं नळासाठी, दिव्यासाठी लोक असेच देवळात जमत गेले, आणि नळ आला, दिवेही आले. कल्लप्पानं उताराच्या पायथ्याशी बाभळीखाली दुकान मांडलं. गाडीवान तिथंच थांबायचे, त्याचं भलं झालं. सोजरनं अंबुबाईच्या पश्चातही त्याच गल्लीत ताणे पसरले.

शिवबाई मात्र कित्येक वर्षं अंबुबाईच्या घरी हळदीकुंकवाला आली नाही. अंबुबाईची बोटं वाकडी झाली, कुंचा धरवेना, तेव्हा एके दुपारी शिवबाई वाटीत कोमट तेल घेऊन आपणहून आली. पायाशी बसून हात चोळता चोळता म्हणाली,

"अक्का, आज सांगून टाकते. पुलाच्या साली, अवसेच्या दिशी, मी माहेरावनं आले तर माझ्या दारात करनीची खुंटी. चुना फासलेली, लाल चिंधीची. उंबरा वलांडला न्हाय मी. उपटली, तिठ्यावर नेऊन बाभळीखाली रोवली, मागं न बघता आले. ह्यास्नी बी बोलले न्हाय. बोललं की परत येती म्हनत्यात." तिनं अंबुबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला. "कुनी केली ते मला तवाच कळलं व्हतं. पर जाऊ दे, अक्का. मी तुमाला कवाच माफ केलंया."