लोड टेस्ट

"आठ दिवसांत माझा आवाज एकदाही चढला नाही. आता तरी घरी चल," नवरा तिच्या दुकानाच्या काउंटरवर रेलून म्हणाला.

ती गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा प्रोसेसरचा वेग तिने वाढवला होता. स्क्रीनवर पाच गिगाहर्ट्झचा आकडा दिसत होता.

"आला की पाचावर. झालं ना काम?"

"रिकामा बसलाय म्हणून. रिकामं असताना कुणीही गुणी बाळासारखं वागतं. पूर्ण लोड देऊन तासभर बघायचं, मग बोलायचं."

तिने टेस्ट सुरू केली. पंखे घोंघावू लागले, तापमान ऐंशीला टेकलं, पण आकडा पाचावरून हलला नाही. नवरा स्टुलावर बसला, उठला, घड्याळ बघून पुन्हा बसला. मग त्याने काउंटरवर हात आपटला.

"एका डबड्यासाठी नवऱ्याला ताटकळत ठेवतेस? अक्कल गहाण टाकलीस का?"

दारातून आत येणारं गिऱ्हाईक दचकलं. ती दचकली नाही. तिने स्क्रीनवरची वेळ बघितली.

"मी घरात नव्हते, तेव्हा आठ दिवस टिकलास. मी समोर आले, तर बारा मिनिटं."