वार्निशचे दोन हात

बोर्डावरचं कापड ओढलं गेलं आणि शनिवार पेठेतल्या त्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या मुक्ताईला आधी अक्षरं दिसलीच नाहीत. तिला दाणे दिसले. काळेभोर, अंगावर पांढरे ठिपके. तिचा चांदण्या घेवडा. हिरव्या फळीवर एकाला एक खेटून बसला होता.

मग तिनं मांडीवरच बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. वा. ण. ज. पा.

"हा घेवडा मुक्ताआजींच्या घरचा," माइकवरची बाई सांगत होती. "त्यांच्या सासूबाईंच्याही आधीपासूनचा. आज त्यांच्या मूळ गावातसुद्धा तो कुणाकडे राहिलेला नाही. असे वाण आपण जपायला हवेत की नकोत?"

"हवेत!" सभागृह गरजलं. मोबाइल वर झाले.

नात धावत आली आणि खुर्चीपाशी उकिडवी बसली. उत्कर्षाचा चेहरा नुसता फुलला होता. "सरप्राइज! कसं वाटलं, आजी? झोप नाहीये मला दोन दिवस."

राखेतल्या बियांचा डबा मुक्ताईनंच तिच्या हातात दिला होता. पोरीनं तेव्हा विचारलंही होतं, ह्याचं काय करायचं म्हणून. "आता हेबी मीच सांगू? कार्यक्रम तुमचा, शिकलेल्या तुम्ही. कळंल तुला," असं म्हणून तिनं पोरीला वाटेला लावलं होतं. वेल्ह्याचा नागोराव कार्यक्रमालाच पेरणीचं बी न्यायला येणार आहे, एवढं एक वाक्य तेवढं बोलायचं राहिलं. गच्चीवरचे मातीचे ड्रम सोसायटीनं काढायला लावल्यापासून बिबवेवाडीच्या घरी पेरणी झाली नव्हती. जे होतं ते त्या डब्यात होतं.

"काय उरलं का गं त्यातलं?" मुक्ताईनं विचारलं.

"उलट कमी पडत होते! 'पा'चा काना अर्धाच झाला होता. मग डब्याच्या तळाशी राखेत बोटं घालून घालून शोधले. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा सगळेच भिजवले आणि एकेकाच्या दोन फाका केल्या. सपाट बसतातही छान." उत्कर्षा हसली. "वर वार्निशचे दोन हात दिलेत. आता कीड म्हणून लागणार नाही त्यांना. शंभर वर्षं असेच राहतील."

मुक्ताई उठली. बोर्डापाशी गेली. कान्याच्या शेवटच्या दाण्याला तिनं नख लावलं. नख घसरलं. पुन्हा लावलं.

"आजी, हात नका ना लावू, प्लीज," गळ्यात बिल्ला अडकवलेला एकजण म्हणाला. "पाहुण्यांचे फोटो व्हायचेत अजून."

एरवी मुक्ताईनं त्याला तिथंच उभा सोलला असता. पण तेवढ्यात दाणा सुटला होता. तिनं मूठ मिटली आणि खुर्चीकडे वळली.

वाटेतच नागोराव आडवा आला. वेल्ह्याहून सकाळच्या एसटीनं आला होता. हातात नवी शिवलेली फडक्याची पिशवी होती, मनगटाएवढी.

"आक्का, सापडलात एकदाच्या! केवढी ही गर्दी. मांडव घालून, आळी करून आलोय बघा. म्हातारी अंथरुणाला खिळलीया, पर तिला म्हटलं, औंदा मुक्ताआक्काचा घेवडा. तर म्हणती कशी, मंग दसऱ्यापतुर मरत न्हाई मी." तो हसला. पिशवीचं तोंड त्यानं दोन बोटांनी उघडून धरलं. "घाला."

मुक्ताईनं मूठ उघडली.

नागोरावानं दाणा आपल्या तळहातावर घेतला. उलटा केला. आतली पिवळट, सपाट बाजू वर आली. त्याला वाटलं, डब्यातला एखादा फुटका आला असेल. त्यानं वर बघितलं. मुक्ताई बोर्डाकडे बघत होती, म्हणून त्यानंही तिकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जवळ उभ्या असलेल्या उत्कर्षाकडे त्याची नजर गेली. पोरीच्या बोटांवर सुरीचे बारीक कापे होते आणि त्यांवर वाळलेला गोंद.

"लेकरानं लई मन लावून केलंय, आक्का," तो म्हणाला.

अर्धा दाणा त्यानं परत मुक्ताईच्या हातावर ठेवला. पिशवीची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती सदऱ्याच्या खिशात सरकवली. "म्हातारीला काय सांगायचं ते बघतो मी. निघतो. एसटी चुकंल."

तो दाराबाहेर जाईपर्यंत उत्कर्षा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिचं हसू आता फक्त ओठांवर उरलं होतं.

"आजी, ते काका बी न्यायला आले होते?"

मुक्ताईनं अर्धा दाणा पुन्हा मुठीत घेतला.

"घरी दुसरा डबा आहे ना आपला? आजी? फडताळात वगैरे असेल ना?"

"मुक्ताआजी, वर या, दोन शब्द बोला," माइकवरून हाका मारत होते. ज्या बाईच्या बोलण्याला पुरे पडता पडता घरचे लोक थकले, ती जागची हलली नाही. तिनं नातीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या बोटांवरचा वाळका गोंद ती सोलू लागली. एकेक बोट धरून, सावकाश. भिजलेल्या दाण्याची साल काढतात तसा.