जाकिटावरचं नाव

"जरा पाठ फिरवता का, मिस्टर ट्विचेल?" ट्रास्क स्टुडिओच्या वकीलबाई म्हणाल्या.

एमोस ट्विचेल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उठला आणि वळला. त्याच्या निळ्या जाकिटाच्या पाठीवर तांबड्या दोऱ्याने नाव भरलं होतं: 'तांबडी खिंड'. सिनेमाचं नाव. त्याच्या सिनेमाचं. उभा जन्म दुसऱ्यांच्या हाताखाली काढला, केस पिकले, तेव्हा कुठे त्याला हा पहिला सिनेमा मिळाला. आणि तयार होऊन तो डब्यात पडला होता. आज सूट घालून जा, असं बायकोने, डोरीने, बजावलं होतं. ऐकेल तर शपथ.

भांडण दोन स्टुडिओंचं. मूळ कादंबरीचे हक्क ऑर्डवेकडे होते. ठरल्या मुदतीत त्यांनी प्रामाणिकपणे सिनेमा केला नाही तर हक्क ट्रास्ककडे जायचे, असा करार. मुदत संपत आली तशी ऑर्डवेवाल्यांनी एमोसला बोलावलं आणि घाईघाईने सिनेमा उरकून घेतला. ट्रास्कचं म्हणणं, हा सिनेमाच नव्हे, हक्क अडवायला केलेलं सोंग आहे. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच प्रकार.

हॉलिवुडात असले रुमाल पुष्कळ पडतात. ते सिनेमे कधी लागत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. एमोसलाही कोणी सांगितलं नाही. तो बापडा मोहावीच्या वाळवंटात एका दृश्यासाठी अर्धा अर्धा दिवस ढग सरकायची वाट बघत बसला. नंतर भेटेल त्याला एकच विचारायचा, लागणार कधी? ऑर्डवेचे वकील क्लाइन म्हणायचे, आधी कोर्टात खरा तर ठरू दे. त्या एका वाक्यावर हा माणूस दिवस ढकलत होता.

आमच्या या धंद्यात एक रीत आहे. शूटिंग संपलं की स्टुडिओ सगळ्यांना, दिवे उचलणाऱ्यापासून नटीपर्यंत, सिनेमाच्या नावाचं जाकीट देतो. जाकीट नाही तर सिनेमा नाही. वकीलबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या थेट शिंप्यापर्यंत जाऊन आल्या होत्या.

"हे जाकीट तुम्हाला ऑर्डवेने दिलं?"

"नाही."

क्लाइनचा चेहरा पडला.

"मग कोणी दिलं?"

"मीच जाकिटं शिवून घेतली. ग्लेनडेलला एक आर्मेनियन शिंपी आहे, त्याच्याकडून. सगळ्यांना वाटली." एमोस जरा ओशाळला. "मला वाटलं, स्टुडिओ विसरला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. निकालात त्यांनी म्हटलं, ज्याने सिनेमा केला त्याला हे सोंग असल्याची शंकासुद्धा शिवली नाही. मग तो प्रामाणिकपणे केलेला नाही, असं कसं म्हणायचं? प्रामाणिकपणा एमोसचा आणि हक्क ऑर्डवेचे. वा रे न्याय!

बाहेर क्लाइनने एमोसच्या पाठीवर थाप मारली, नेमकी त्या नावावर. एमोसचे डोळे भरून आले होते. खरा ठरला, म्हणजे आता लागेलच. पहिल्या खेळाला डोरी कोणते कपडे घालणार, हेही तो सांगायला लागला. क्लाइनने त्याला थांबवलं.

"अरे, आता मोठा नट घेऊन, दणदणीत खर्च करून याच नावाने करायचाय हा सिनेमा. त्यासाठीच तर हक्क हवे होते. एकाच गोष्टीचे दोन कसे लावणार? तुझ्या सिनेमाचं काम झालं, एमोस."

"काम झालं?"

"झकास झालं. तू वाचवलंस आम्हाला."

डबे कॅन्ससला, जुन्या रिळांच्या कोठारात जाणार होते. जमिनीखाली, मिठाच्या खाणीत. गरज सरो, वैद्य मरो. मी म्हणतो, तिथल्या तिथे गचांडी धरायची होती त्या क्लाइनची. पण एमोसने साधा आवाजही चढवला नाही. बरं, म्हणाला.

आठवड्याने स्टुडिओतून निरोप आला, संकलनाच्या खोलीतलं तुमचं सामान घेऊन जा, खोली नव्या लोकांना हवी आहे. सामान ते काय! एक कप, एक उशी आणि डोरीचा फोटो. ते खोक्यात भरून तो फाटकाशी आला. बरबँकला त्या संध्याकाळी गारठा होता, म्हणून जाकीट अंगात होतं. पहारेकरी नवा होता, बोलघेवडा. एमोसचे दोन्ही हात अडकलेले बघून त्याने उठून फाटक उघडलं. एमोस पुढे गेला तशी त्याची नजर पाठीवरच्या नावाकडे गेली.

"काय साहेब, नशीबवान आहात," तो कौतुकाने म्हणाला. "शूटिंग सोमवारपासून, आणि जाकिटं आधीच वाटली?"